मुक्कामाची गाडी

"सर, आपण कशाने आलात?"

प्रश्न साधा होता. विचारणारा माणूसही साधा आणि मृदू स्वभावाचा होता. टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवीत, पाहुण्याला विचारावे तसे त्याने विचारले. पण चैत्रात विचारलेल्या त्या प्रश्नाने अद्याप माझी पाठ सोडलेली नाही. चाळीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. प्रश्न विचारण्याचा हक्क आपला आणि उत्तर देण्याची जबाबदारी समोरच्याची, अशी सवय जडलेल्या माणसाला पंचाहत्तरी ओलांडल्यावर कुणी असला सोपा प्रश्न विचारावा आणि उत्तर देताना त्याची जीभ अडखळावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

दिवाळीच्या अंकात वाहतूक, इंधन आणि धूर असले रुक्ष विषय आणणे म्हणजे चिवड्यात खडा टाकण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु हा विषय मला भेटला तो कुठल्या परिसंवादात नव्हे. तो माझ्या घराखाली, कापडी आच्छादन घालून उभा होता. आपणांपैकी अनेकांच्या घराखाली तो तसाच उभा असेल. म्हणून लिहितो.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूच्या डोंगरात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मदतीचे ट्रक वर यावेत म्हणून गावकऱ्यांनी बैलगाडीची जुनी वाट पहारींनी फोडून रुंद केली. ट्रक आले आणि गेले, रस्ता मात्र राहिला. मग माझ्या वडिलांनी – त्यांना सारे गाव आप्पा म्हणे – आणि आणखी चौघांनी अर्जांवर अर्ज करून, तालुक्याला हेलपाटे घालून, १९६९ च्या उन्हाळ्यात गावाला मुक्कामाची गाडी आणली.

मुक्कामाची गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या तरुण वाचकांना सांगायला हवे. ही गाडी संध्याकाळी शेवटची फेरी करून गावात येते, रात्रभर गावातच राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. रात्री आठाच्या सुमारास खिंडीच्या वळणावर तिचा भोंगा वाजला की आम्हां पोरांची झुंड देवळाकडे धावे. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळाच्या ओसरीत पथारी टाकीत. त्यांच्या भाकरीची पाळी घरोघर ठरलेली असे. आमच्या घरी गुरुवार. आई त्या दिवशी कालवणात जरा जास्त तेल सोडी, आणि आम्ही भावंडे गुरुवारची वाट पाहत असू. कंडक्टरच्या पिशवीत तिकिटांच्या ट्रेखेरीज काय काय असे! कुणाच्या औषधाची बाटली, कुणाचे दुरुस्त होऊन आलेले घड्याळ, कुणाच्या लेकीचा सासरहून आलेला निरोप. पहाटे सहाला घंटीचे दोन ठोके पडत. गावाला घड्याळाची गरज उरली नव्हती.

त्याच गाडीने १९६९ च्या जूनमध्ये मी कराडला कॉलेजात गेलो. ट्रंक टपावर चढवताना आप्पा कंडक्टरला म्हणाले, "पोराला नीट उतरवा." मी गणिताचा मास्तर झालो, पुण्यात घर केले, मुलगा इंजिनिअर झाला. या साऱ्याच्या मुळाशी पहाटे सहाचे ते दोन ठोके आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. तिची बांधणी लाकडी होती आणि बसायच्या जागा काथ्याने भरलेल्या. पुढे 'गाव तिथे एस.टी.' असे घोषवाक्य झाले. या तीन शब्दांकडे आपण फारसे लक्ष देत नाही. नफा तिथे एस.टी., असे ते नाही. गर्दी तिथे एस.टी., असेही नाही. जिथे माणसे राहतात तिथे गाडी गेली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मला हे वाक्य कुठल्याही नीतिशास्त्राच्या ग्रंथातल्या वाक्याइतके मोठे वाटते. मात्र हे वचन पाळण्याची जबाबदारी एका बाजूचीच आहे, अशी माझी आजवर समजूत होती.

आता माझी कैफियत सांगतो. २००९ साली मी मोटार घेतली. आप्पा आधीच गेले होते. आई गावी एकटी होती, तिचे हृदय अशक्त झाले होते. एका रात्री तिला कराडला न्यायला वाहन मिळेपर्यंत तीन तास गेले. त्यानंतरच्या महिन्यात मोटार आली. हे कारण खोटे नव्हते आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. आई २०११ साली गेली. मोटार राहिली. इतकेच नव्हे, तर ती मोठी होत गेली. पहिली विकून दुसरी घेतली ती पहिलीपेक्षा लांब होती. गरज संपल्यावर सोय राहते आणि सोय काही वर्षे राहिली की तीच गरज म्हणून मिरवू लागते. हा पालट केव्हा झाला, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येत नसावे.

माझ्यासारखेच इतरांचे झाले. गावातली निम्मी माणसे पुण्यामुंबईला. दिवाळी, शिमगा आणि जत्रा या तीन वेळांना पूर्वी त्या गाडीला पाय ठेवायला जागा नसे, टपावर बोचक्यांचा डोंगर असे. आता या दिवसांत देवळापुढच्या पटांगणात मोटारी उभ्या राहतात आणि कुणाची मोटार कुणाला अडवते यावरून चुलतभावांची भांडणे होतात. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सारीच वाहने थांबली. पुढे इतर गाड्या एकेक सुरू झाल्या. आमची मुक्कामाची गाडी मात्र परत आली नाही.

आणि वाचकहो, ही गोष्ट मला कळायला चार वर्षांहून अधिक काळ लागला! दर दिवाळीला मी गावी जात होतो. त्याच खिंडीतून, त्याच वळणावरून. भोंगा वाजत नाही हे माझ्या ध्यानातच आले नाही, कारण मोटारीच्या काचा बंद होत्या.

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी शेजारच्या आक्का आल्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवले आहे, त्यामुळे अरेतुरेचा त्यांचा हक्क अबाधित आहे. त्यांची नात दहावीला तालुक्यात चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिने अकरावीला शास्त्र शाखा घेतली होती. पहाटेची गाडी नाही, म्हणून ती वडापने जाऊ लागली. वडाप म्हणजे आमच्याकडची प्रवासी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली याला सीमा नाही. कॉलेजातली प्रात्यक्षिके संध्याकाळी पाचापर्यंत चालत आणि शेवटची वडाप चारला निघे. कधी प्रात्यक्षिक बुडे, कधी वडाप चुके. एकदा अंधारात खिंडीतून दोन मैल ती एकटी चालत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाने कॉलेज बंद केले. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून कला शाखेची परीक्षा घरूनच द्यायची, असे ठरले आहे.

"पोरींना पास फुकाट हाय म्हनं," आक्का म्हणाल्या. "गाडीच न्हाई तर पास काय चुलीत घालू? तात्या, तुझ्या बानं अर्ज लिवून गाडी आनली व्हती. तू तर एवढा शिकलास. तू एक अर्ज लिव्ह की."

पोर उंबऱ्याशी उभी होती. काही बोलली नाही. मी तिला सहज विचारले, कोणता विषय आवडायचा? ती म्हणाली, गणित.

मी अर्ज लिहिला. माझ्या मते तो उत्तम अर्ज होता. चैत्रात मी स्वतः मोटार चालवीत आगारात गेलो. अधिकाऱ्याने अर्ज शांतपणे वाचला, एक वही काढली आणि मला भारमान समजावून सांगितले. गाडीतल्या एकूण जागांपैकी किती जागांवर तिकीट काढलेला माणूस बसला आहे, त्याचे शेकडा प्रमाण म्हणजे भारमान. आमच्या फेरीचे भारमान वीस वर्षे कसे उतरत गेले, ते त्याने बोट फिरवून दाखवले. पूर्वी सणासुदीच्या तीन पंधरवड्यांत गाडी इतकी भरायची की उरलेल्या ओसाड महिन्यांची तूट त्यात बरीचशी झाकली जाई. ते पंधरवडेच नाहीसे झाले. मग त्याने वही मिटली, पाण्याचा पेला पुढे केला आणि तो प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "माझी गाडी आहे." तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. पण वहीतल्या त्या उतरत्या आकड्यांत एक आकडा माझा होता, एवढे गणित मला येते.

परतीच्या वाटेवर मला एका पुस्तकाची आठवण झाली. आल्बर्ट हर्शमन नावाचा जर्मनीत जन्मलेला अर्थशास्त्रज्ञ होता. १९७० साली त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचा उगम आफ्रिकेतल्या नायजेरियाच्या रेल्वेत आहे. उत्तर नायजेरियातला भुईमूग शेकडो मैल दूरच्या बंदरांवर न्यायचा असे. लांबच्या वाहतुकीला रेल्वे सोयीची, तरी ट्रकांनी ती वाहतूक बळकावली. स्पर्धा आली म्हणजे रेल्वेने सुधारायला हवे होते, असे पाठ्यपुस्तकातले अर्थशास्त्र सांगते. प्रत्यक्षात ती सुधारली नाही. हर्शमनने याचे जे कारण शोधले ते असे : ज्या गिऱ्हाइकांना रेल्वेचा गलथानपणा सर्वांत जास्त खुपत होता, जी तक्रार करू शकत होती, भांडू शकत होती, तीच सर्वांत आधी उठून ट्रककडे गेली. मागे राहिली ती ज्यांचे ओरडणे कुणाला ऐकू जात नाही अशी. रेल्वेचे थोडे उत्पन्न बुडाले, पण ते सरकारी तिजोरीतून भरून निघत होते. बुडाला तो आवाज, आणि तो कुठल्याही तिजोरीतून भरून निघत नाही.

हे वाचले तेव्हा मला त्यात नायजेरिया दिसला होता. आता मुक्कामाची गाडी दिसली. आप्पा तिच्यातून रोज जात नसत, पण महिन्यातून चारदा जात. गाडी उशिरा आली, खिडकीची काच फुटली, की ते पोस्टकार्ड लिहीत. पोस्टकार्डाच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असे लिहीत आणि त्याच्याआधी चार ओळी खरडपट्टी काढीत. काच बसे. मी बस सोडली तेव्हा एक तिकीट कमी झाले असे मी समजलो. वास्तविक एक पोस्टकार्ड कमी झाले होते.

गांधीजींना हे फार आधी कळले होते. मौज अशी की, १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी आगगाडीवर सडकून टीका केली आहे. पण दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावरच्या पहिल्या अडीच वर्षांतला पावाहून अधिक काळ त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात काढला, तोही स्वखुशीने. १९१७ साली त्या डब्यांच्या दुर्दशेविषयी त्यांनी सविस्तर लिहिले आणि एक उपाय सुचवला : व्हाइसरॉय, राजेमहाराजे आणि वरच्या वर्गातून प्रवास करणारे बडे लोक यांनी अधूनमधून, आगाऊ वर्दी न देता, तिसऱ्या वर्गाने प्रवास करून पाहावा. पुष्कळांना हा साधेपणाचा उपदेश वाटतो. मला तो व्यवहारी माणसाचा सल्ला वाटतो. ज्याच्या हाती सुधारणा आहे त्याला ढेकूण चावल्याखेरीज डबा स्वच्छ होत नाही.

घरी आल्यावर मी हे सारे मुलापुढे मांडले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. आजकालची मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक शांतपणे ऐकतात.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही एकटे बसने गेलात म्हणून काय फरक पडणार आहे? आणि तुम्हांला धुराचीच काळजी असेल, तर पुढची गाडी आपण विजेवरची घेऊ."

दोन्ही मुद्दे बिनतोड वाटले. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आयुष्यभराची सवय.

धुराचे गणित आधी केले. बस एका लिटर डिझेलमध्ये ढोबळ मानाने साडेचार किलोमीटर जाते, आमची मोटार पंधरा. शंभर किलोमीटरला बसला बावीस लिटर, मोटारीला पावणेसात. बसमध्ये चव्वेचाळीस माणसे असतील तर माणशी अर्धा लिटर. मोटारीत आम्ही दोघे, म्हणजे माणशी तीन लिटरांच्या वर. सहापटींहून अधिक! मी विजयी मुद्रेने कागद पुढे करणार, तोच पेन्सिल थबकली. बसमध्ये पाचच माणसे असतील तर? बावीस भागिले पाच, म्हणजे माणशी जवळजवळ साडेचार लिटर. रिकामी बस मोटारीपेक्षाही वाईट! म्हणजे बस ही मुळात पुण्यवान आणि मोटार ही मुळात पापी, असा काही प्रकार नाही. बसचे पुण्य तिच्या इंजिनात नसून तिच्यात बसलेल्या माणसांत आहे. मी उतरलो म्हणजे माझ्यापुरता धूर तर वाढतोच, शिवाय मागे राहिलेल्या प्रत्येकाच्या वाट्याचा धूरही मी वाढवून ठेवतो. हे मात्र मला नवीन होते.

विजेच्या मोटारीचेही असेच. ती रस्त्यावर धूर सोडत नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर निघते हे खरे, पण ते पुढेमागे बदलेल. २०७० पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणू, असे आपल्या देशाने २०२१ साली जाहीरही केले आहे. पण विजेची मोटार रस्त्यावर जागा तेवढीच व्यापते. आमच्या मोटारीची लांबी चार मीटर. चव्वेचाळीस माणसे दोघे-दोघे मोटारीने निघाली तर बावीस मोटारी. नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या तरी अठ्ठ्याऐंशी मीटरची रांग. तीच माणसे अकरा मीटरांच्या बसमध्ये मावतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी खंबाटकी घाटात ज्यांनी तीन-तीन तास काढले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे विजेची मोटारही बसमधून माणूस उठवते तो उठवतेच. आक्कांच्या नातीच्या दृष्टीने माझी मोटार कशावर चालते, याला काडीचा अर्थ नाही.

राहिला पहिला मुद्दा : माझ्या एकट्याने काय होणार? चव्वेचाळिसांतला एक म्हणजे शेकडा सव्वादोन. परीक्षेत सव्वादोन गुणांसाठी पालक शाळेत येऊन माझ्याशी किती भांडत, ते मला आठवते. मतदानाला मी दर वेळी जातो. तिथे माझे मत लाखांत एक असते, आणि तरी उन्हात रांगेत उभे राहताना ते व्यर्थ आहे असे मला वाटत नाही. मग बसमध्येच ते व्यर्थ कसे?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली नीतीची एक कसोटी सांगितली. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा, अशी आपली इच्छा असू शकेल का, हे पाहावे. मोटारीला ही कसोटी लावली की चमत्कार होतो. मोटारीचे सुख इतरांजवळ मोटार नसण्यावर अवलंबून आहे. १९७० नंतरच्या पुण्यात मी सायकलवर शाळेत जात असे. सायकलींचे शहर म्हणून त्या पुण्याचा लौकिक होता. त्या रस्त्यावर एखादी मोटार डौलाने जाई आणि आम्ही हेव्याने पाहत असू. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपेक्षा जास्त झाल्याचे जाहीर झाले. आता मोटार आहे, पण तो डौल कुणाच्याच वाट्याला नाही. सर्वांना दिले की नासते, असे सुख मागणे अयोग्य आहे काय? कांट हो म्हणेल. पण कांटला आयुष्यात फारसे गावाबाहेर जावे लागले नाही, आणि रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायचा प्रसंग त्याच्यावर आला असेल असे वाटत नाही. मी त्या रात्रीच्या मोटारीला दोषी ठरवायला तयार नाही. दोष असेल तर तो त्यानंतरच्या हजारो दिवसांचा आहे, ज्या दिवशी मला काहीच घाई नव्हती.

मुलाने आणखी एक सांगितले. "चांगली बस द्या, मी बसतो. आधी सरकारने करावे." आगारातला अधिकारी म्हणाला होता, "माणसे द्या, गाडी देतो." लखनौच्या दोन नबाबांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. 'आधी आपण' म्हणता म्हणता त्यांची आगगाडी निघून गेली. इथे नबाब दोघेही फलाटावरच आहेत आणि गाडी चुकली ती तिसऱ्याच मुलीची.

आधी कोणी करायचे? जो सबळ आहे त्याने, असे मला वाटते. आणि सबळ अर्थातच शासन आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ च्या मे महिन्यात रेल्वेने देशभर ठरावीक ठोक्याने गाड्या सोडायला सुरुवात केली. साधारणपणे दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी. ती आज रिकामी आहे का भरलेली, हे पाहायचे नाही. १९८७ साली तिथल्या मतदारांनी कौल देऊन याच धोरणाच्या विस्ताराला पैसा मंजूर केला. डोंगरातल्या खेड्यात जाणारी टपालखात्याची पिवळी बस आगगाडीच्या वेळेला स्टेशनबाहेर उभी असते. त्या देशात मोटारी नाहीत असे कुणी समजू नये, घरोघरी आहेत. फरक एवढाच की, मोटार दारात असूनही श्रीमंत माणूस गाडीने जातो, कारण वेळापत्रक हे त्याला दिलेले वचन आहे आणि ते मोडत नाही, याचा त्याला अनुभव आहे.

आपल्याकडे शहाणपणाची वाण नाही. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहेत, असे केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात लिहिले आहे. तथापि पूल बांधले जातात ते वाहनांसाठी. चांगल्या गोष्टीही घडल्या. १ जून २०२२ रोजी पहिल्या एस.टी.च्याच पुणे–नगर मार्गावर विजेची बस धावली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आणि बायाबापड्यांनी गाड्या भरून गेल्या. माहेरी जायला दिवाळीची वाट पाहणाऱ्या लेकी महिन्याआड जाऊ लागल्या. गाडी भरण्यासाठी माणसांचे स्वभाव बदलावे लागत नाहीत; पुष्कळदा दर बदलला तरी पुरते.

परंतु शासनाने आधी करावे, एवढे म्हणून माझी सुटका होत नाही. खानदेशात पांझरा नदीवर फडाची जुनी पाणीवाटप पद्धत आहे. बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या एकाच फडात मोठ्या बागायतदाराचा आणि गरिबाचा तुकडा शेजारी शेजारी असतो. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी घ्यायचे नाही; नेमलेला पाटकरी क्रमाने देतो. पाणी तुटले तर दोघांचेही पीक वाळते, म्हणून पाट फुटला की मोठाही फावडे घेऊन धावतो. त्याचे धावणे परोपकार नव्हे. उद्या त्याने स्वतःची विहीर खणली आणि फडातून अंग काढून घेतले, तर पाटातला गाळ कोण काढणार? आम्ही पुण्यामुंबईच्या चाकरमान्यांनी आपापल्या विहिरी खणल्या आहेत. वरून वर्षातून एकदा गावी जाऊन पाटाला पाणी का नाही, असा अर्ज लिहितो.

इथवर वाचून मी मोटार विकली असेल, असा कुणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. मोटार आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, माझ्याही डोळ्यांचा आता भरवसा नाही. शिवाय 'मी मोटार सोडली' असे चारचौघांत सांगण्यातला अहंकार मोटारीच्या अहंकारापेक्षा लहान असतो, असे मला वाटत नाही. मी एवढेच केले. पुन्हा आगारात गेलो, या वेळी बसने. अधिकाऱ्याने ओळखले आणि मी सांगण्याआधीच त्याच्या लक्षात आले, कारण माझा सदरा चुरगळलेला होता. त्याने सांगितले, गावातून नियमित किती माणसे बसतील त्याची खात्री द्या; दिवाळीचे पंधरा दिवस मुक्कामाची गाडी सोडून पाहू. भारमान बरे निघाले तर पुढचे बोलू.

जूनपासून मी आणि गावातले दोन तरुण एक वही घेऊन फिरत आहोत. नाव, कुठल्या तारखेला जाणार, कुठल्या तारखेला परतणार, सही. पुण्यातली घरे मी फिरलो. चहा सर्वांनी दिला. "कल्पना चांगली आहे, पण आमच्याबरोबर सामान फार असते," असे जवळजवळ सर्वांनी सांगितले. एकाने मला हळूच विचारले, "तात्या, गाडी बिघडली आहे का? मी नेऊन सोडतो की." एकाने सही केली आणि दुसऱ्या दिवशी बायकोने खोडायला लावली. आजमितीला वहीत एकतीस सह्या आहेत. त्यांत एकवीस बायकांच्या. पंधरा दिवसांच्या तीस फेऱ्यांत त्या कशा बसवायच्या, याचे कोष्टक मी मांडून पाहतो आहे. ते काही केल्या जमत नाही. पहाटेच्या फेरीला कुणीच तयार नाही, आणि नातीला हवी ती नेमकी तीच फेरी.

मुलाच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. मी विचारत नाही, तोही बोलत नाही. परवा मात्र त्याने वही चाळली आणि म्हणाला, "बाबा, हे कोष्टक हाताने कशाला करता? मला द्या, मी करून देतो." वही त्याच्या टेबलावर आहे.

आक्कांना मी फोनवर एकतीस हा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "डायवर-कंडक्टरच्या भाकरीची पाळी लाव आधी. देवळात आता कुलूप असतं." हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

वसुबारसेला संध्याकाळी आम्ही दोघे निघत आहोत. पंचाहत्तरीमुळे मला तिकीट माफ आहे आणि पत्नीला अर्धे. म्हणजे आमच्या दोघांचे मिळून अर्धेच तिकीट. भारमानात ते कसे धरतात, हे अधिकाऱ्याला विचारायचे राहून गेले आहे. चकल्यांचा डबा मांडीवर घ्यावा लागणार, म्हणून पत्नीने या वर्षी तो लहान काढला आहे.